चालू झालं की सांगते

तिनं प्रयोगशाळेचं दार उघडलं, तोच टेबलाखालून आवाज आला, "पाय जपून... आत्ताच गेलंय."

"कोण गेलं?"

"तुमचं मशीन. सुरू होता होता." वायरींच्या गुंत्यातून एक अनोळखी डोकं वर आलं आणि टेबलाला ठाणकन आपटलं. तिला हसू फुटलं. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच — हे लक्षात आलं, आणि ते विरलं.

त्याला चिप बनवणाऱ्या कंपनीनं धाडलं होतं, म्हणून तो सगळ्यांचा चिपवाला. ती कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, सांभाळायची; म्हणून त्याची कर्नलबाई. नवं मशीन कधी धड सुरू व्हायचं, कधी मध्येच मान टाकायचं.

"दोष तुमच्या चिपचा," ती म्हणाली.

"माहेरी गुणाची होती हो. सासरी येऊन बिघडली."

एका वेळी एकच बदल करायचा, हा तिचा दंडक. नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. तो कुरकुरत पाळायचा.

एकदा कॉफी ढवळत तो म्हणाला, "मला इथंच नोकरी देताहेत. राहू... का?"

तिचे कान तापले. घरी वडिलांची खोली अजून तशीच होती. आई त्यांचा चष्मा उचलायची, पुसायची, परत ठेवायची.

"एका वेळी एकच बदल," ती कशीबशी म्हणाली. "हे चालू झालं की सांगते."

"हुकूम, कर्नलबाई."

डिस्कवरच्या फाइलमधला कर्नलचा कोड तिनं किती वेळा वाचला; त्यात खोट निघेना. शेवटी तो म्हणाला, "फाइल राहू द्या. मेमरीत खरंच काय आहे ते मी वाचतो, तुम्ही ताडून बघा." तो आकडे वाचू लागला. कोरडे आकडेच, पण तो हळू वाचायचा, तिच्यासाठी... मध्येमध्ये ती नुसती ऐकतच राहायची.

"थांबा! परत वाचा."

जुळत नव्हतं. मेमरीत एक सूचना अर्धी जुनी होती, अर्धी नवी.

"कुणी बदलली?"

"कर्नलनंच!" ती उठून उभी राहिली. सुरू होताना समोरचा प्रोसेसर, म्हणजे त्याची चिप, बघून ते स्वतःच्याच काही सूचना नव्यानं लिहायचं. प्रोसेसरमध्ये एकाच वेळी काम करणारे अनेक कोअर; एक लिहीत असताना दुसरा तिथूनच धावत जायचा, अर्धवट सूचना त्याच्या वाट्याला यायची, आणि सगळं कोसळायचं. लिहून होईपर्यंत तिनं बाकीच्या कोअरना थोपवून धरलं.

मशीन सुरू झालं. बंद केलं, पुन्हा सुरू झालं.

"सांगते आता," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "राहा."

वायर गुंडाळणारे त्याचे हात थबकले. "त्यांना काल उत्तर हवं होतं... मी नकार कळवला. जागा दुसऱ्याला दिलीसुद्धा. मला वाटलं, तुम्हाला नको आहे, तोंडावर म्हणवत नाहीये."

"मग मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं की," तो हलकेच म्हणाला.

खाली त्याला न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं बॅग उचलली, आणि तो जिना उतरला.

तिनं मशीन बंद केलं, सुरू केलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. एकदा तरी कोसळावं, जिन्यात हाक मारायला निमित्त तरी मिळावं. ते दर वेळी शहाण्यासारखं सुरू होत राहिलं.