शालन पिसाळ यांचे हात

सकाळी सहाला खाटेने केतकीच्या खांद्यावर दोन हलक्या थापा मारल्या. मग एक तळवा तिच्या पाठीखाली सरकला, दुसरा गुडघ्यांच्या मागे गेला आणि ती अलगद डाव्या कुशीवर वळली. वळून झाल्यावर एक बोट तिच्या गालापाशी आलं आणि तिथे आलेली बट त्याने कानामागे सारली.

केतकीची आई जाऊन अकरा महिने झाले होते. हात तिचेच होते.

खाटेला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बाहू होते. राखाडी, हवेने फुगलेले, आतून कोमट. सगळे तिला हस्तखाट म्हणत. असे बाहू कारखान्यात हवे तितके बनत, पण त्यांना माणूस हाताळायला शिकवायचं तर माणूसच लागायचं. रुग्णाची सेवा करणाऱ्याने संवेदक विणलेले पातळ हातमोजे घालून काही आठवडे रोजची कामं करायची. हात कुठे किती दाबतो, कुठे सैल होतो, किती वेगाने वळतो, हे सगळं मोजे टिपून घेत. त्यातून त्या हातांचा स्पर्शठसा तयार होई, आणि तो खाटेत भरला की खाट त्या हातांसारखी वागू लागे.

केतकी पिसाळ चौतीस वर्षांची होती. स्नायूक्षय जन्मापासूनचा. आता तिच्या ताब्यात मान थोडीशी, उजव्या हाताचा अंगठा, डोळे आणि दमाने येणारा आवाज एवढंच होतं. तेवढ्यावर ती शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासायची. पडद्यावर नजर फिरवली की ओळ पुढे सरकायची, नजर रोखली की चुकीवर खूण व्हायची. साताऱ्यातल्या दोन खोल्यांत तिची आई शालन शेजारी बसून शिवणकाम करायची आणि दर दोन तासांनी उठून तिला वळवायची.

शालनला कर्करोग निघाला तेव्हा तिने स्वतःच मोजे मागून घेतले. सात आठवडे ते घालून ती केतकीला वळवत होती, न्हाऊ घालत होती. "मी नसले तरी हिला कुणी धसमुसळेपणानं हात लावायला नको," असं ती शेजारच्या रुबिना मुजावरला म्हणाली होती. खाट घरी येणार होती, तसं कागदावर होतं. ती यायच्या आधी नियम बदलला. हस्तखाटा घरोघरी न देता केंद्रांतच ठेवायच्या, म्हणजे एका परिचारिकेला चाळीस जणी सांभाळता येतील, असं ठरलं. शालनला हे कुणी सांगितलं नाही. ती गेल्यावर चौथ्या दिवशी रुग्णवाहिका आली आणि केतकीला गावाबाहेरच्या आरोह शुश्रूषा केंद्रात घेऊन गेली.

पहिल्या पहाटे त्या दोन थापा पडल्या तेव्हा केतकी इतकी रडली की परिचारिकेला तिच्या श्वासाच्या मुखवट्यातलं पाणी टिपावं लागलं. पुढचे कित्येक दिवस ती वळायची वेळ होण्याची वाट पाहत राही.

केंद्रात कुणी वाईट नव्हतं. अंघोळ मंगळवारी आणि शुक्रवारी. वाचायचा पडदा रोज दोन तास, कारण तो वापरू शकणाऱ्या सगळ्याजणींत मिळून एक होता. प्रकाशकाने चार महिने वाट पाहिली आणि काम दुसऱ्याला दिलं. तांबडा भोपळा तिला आवडत नाही, हे तिने सांगितल्यावर आहारतज्ज्ञाने नोंद केली, आणि भोपळा येत राहिला. दर रविवारी रुबिना येई, उशाशी बसून गल्लीतल्या बातम्या सांगे. तिनेच एकदा विचारलं, "घरी यायचंय ना तुला?"

"यायचंय. पण भाभी, आई इथंय," केतकी म्हणाली.

पुढच्या रविवारी रुबिना गृहसहाय्याचा अर्ज घेऊन आली. स्वतः निवडलेल्या मदतनीस घेऊन घरी राहू द्यावं, अशी मागणी निवास समितीकडे करता येत होती. फार थोड्याजणी ती करत. केतकीने दोन आठवडे अर्ज तसाच ठेवला, मग अंगठा उमटवला.

त्याच सुमाराला शेजारच्या खाटेवर हौसाक्का आल्या. वय सत्तरीच्या पुढे. झाडावरून पडून मणका मोडलेला, मानेखाली काही हलत नव्हतं. पुढेमागे कुणी नाही. आल्या आल्या त्यांनी दोन खाटांमधला कापडी पडदा काढायला सांगितला. "कोंडल्यावानी हुतंय," एवढंच त्या म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने कंटाळून पडदा काढला.

दुसऱ्या दिवशी सहाला केतकी डाव्या कुशीवर वळली आणि समोर तिला हौसाक्कांची खाट दिसली. त्या खाटेच्या बाहूने हौसाक्कांच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. तळवा पाठीखाली सरकला. त्या वळल्या. मग एक बोट त्यांच्या गालापाशी आलं. शस्त्रक्रियेसाठी त्यांचं डोकं भादरलेलं होतं, जेमतेम बोटाच्या पेराएवढे पांढरे केस होते. तरीही बोटाने नसलेली बट उचलली आणि कानामागे सारली.

"कुनाचा गं हा हात?" हौसाक्का म्हणाल्या. "लई मायेचा हाय."

केतकीने परिचारिकेला हाक मारून डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. प्रभुणे यांनी लपवाछपवी केली नाही. त्या दुपारी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "तुमच्या आईंचा ठसा सगळ्यात चांगला निघाला. कारखान्याचा ठसा होता तेव्हा दर महिन्याला कुणाला तरी पाठीला जखम व्हायची. या ठशाने एकही झाली नाही. म्हणून आम्ही तो सगळ्या खाटांना दिला. उपचारासाठी वापरायला त्यांची संमती आहे."

"सगळ्या म्हणजे?"

"इथल्या चाळीसही. पुढच्या महिन्यापासून आणखी चार केंद्रांत जाणार आहे." त्यांनी खुर्ची आणखी जवळ घेतली. "वारस म्हणून तुम्ही संमती मागे घेऊ शकता. मग तो सगळीकडून पुसावा लागेल. तुमच्या खाटेतूनही."

रोज पहाटे दालनभर एक आवाज फिरायचा. केतकीला तो इतके दिवस हवेच्या पंपाचा वाटत होता. आता तिने कान दिला. थप थप. पलीकडे थप थप. दाराशी, खिडकीशी, टोकाच्या खाटेपर्यंत तिची आई एकाच वेळी चाळीस बायकांना उठवत होती. त्यांतल्या कित्येकींना बोलता येत नव्हतं. काहींना आपण कुठे आहोत हेही कळत नव्हतं. केतकीच्या खांद्यावर थापा पडल्या आणि ती पुटपुटली, "थांब." तळवा पाठीखाली सरकला. ती वळली. बट कानामागे गेली. त्या स्पर्शात कसलाही राग नव्हता, घाई नव्हती. फक्त तिचं म्हणणं कुठे पोचलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं की ती हे अकरा महिने म्हणत आली होती, आणि आपण म्हणतो आहोत हे तिचं तिलाही ऐकू यायचं बंद झालं होतं.

समिती केंद्रातच आली. सुनावणी दुपारी जेवणाच्या दालनात झाली. अध्यक्ष वसुधा राजेशिर्के यांच्यासमोर एक आलेख होता. बाजूला हस्तखाटांचे अभियंता टिळेकर बसले होते. रुबिना केतकीच्या चाकाच्या खुर्चीमागे उभी होती.

"केतकीताई, तुम्हाला वळवलं जातं तेव्हा तुमची नाडी मिनिटाला अठरा ठोक्यांनी उतरते," राजेशिर्के म्हणाल्या. "गेल्या महिन्यात चाचणी म्हणून मुजावरबाईंनी वळवलं, तेव्हा ती चढली. तुमचं शरीर इथं शांत आहे. मग आम्ही तुम्हाला घरी का पाठवायचं?"

"आईचा हात लागल्यावर नाडी उतरणारच," केतकी म्हणाली. दोन वाक्यांमध्ये तिला श्वास घ्यावा लागे, तेवढा वेळ सगळे थांबले. "टिळेकरसाहेब, थापा मारल्यावर आई काय करायची?"

"वळवायच्या."

"त्याच्या मधे?"

टिळेकरांनी हातातल्या पाटीवर मूळ नोंद शोधली. बराच वेळ ते बोटाने ती पुढेमागे सरकवत राहिले. "मधे अंतर आहे. कधी दोन सेकंद, कधी चार. एका ठिकाणी पावणेदोन मिनिटं आहे. तो रिकामा वेळ आम्ही काढून टाकतो. सगळ्याच ठशांत काढतो. त्यात हालचाल नसते."

"त्यात मी बोलायचे," केतकी म्हणाली.

टिळेकरांनी पाटी खाली ठेवली.

"थापा म्हणजे ती विचारायची, वळवू का. मी हं म्हणायचे, नाहीतर थांब म्हणायचे. पावणेदोन मिनिटं लागली तेव्हा मी पानाच्या शेवटापर्यंत वाचत असणार. ती हात तसाच ठेवून उभी राहायची." तिने श्वास घेतला. "इथे ती विचारते आणि उत्तर न ऐकता वळवते. दिवसातून दहा-बारा वेळा. माझी आई अशी नव्हती. पण आता मला आठवायला गेलं की ही आठवते. सहा वाजत आले की मला तिची भीती वाटते. माझी नाडी उतरते म्हणता ना? भीतीनं मी गप्प पडून राहते, तेही त्यात असेल. बघा."

राजेशिर्के यांनी आलेख उलटा करून ठेवला. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "घरी काय काय अडचणी येतील, हे तुम्हाला माहीत आहे ना?" केतकी म्हणाली, "तुमच्यापेक्षा जास्त." आठवड्याने निकाल आला. सहा महिने घरी राहून पाहावं, दोन मदतनीस तिने निवडाव्यात, मग पुन्हा सुनावणी.

निघायच्या आदल्या दिवशी रुबिना तिला म्हणाली, "आता संमती काढून घे. तुझ्या अम्मीचे हात असे वाटत फिरायला नकोत."

केतकीने समोर पाहिलं. हौसाक्का डोळे मिटून पडल्या होत्या आणि बाहू त्यांची मान सावरत होता. तिने डॉ. प्रभुणे यांना बोलावून घेतलं. "ठसा राहू दे. पण तो काढलेला वेळ परत घाला."

"चाळीसजणींसाठी? वेळापत्रकच राहणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी खाटेने किती थांबायचं?"

शेवटी एका खाटेवर करून पाहायचं ठरलं. खाट हौसाक्कांची.

घरी आल्यावर पहिले काही दिवस फार कठीण गेले. पहिली मदतनीस रुबिनाच होती; तिचे हात जड होते, तिची बांगडी पाठीला लागायची. दुसरी मदतनीस एक दिवस आलीच नाही आणि केतकी दुपारपर्यंत एकाच कुशीवर पडून होती. तिथे कातडी लाल झाली. ती सहाला आपोआप जागी व्हायची आणि खांदा वाट पाहायचा. काहीच घडायचं नाही. सुनावणीपासून तिला वाटत होतं की खरी, थांबणारी आई घरी असेल. शिलाईयंत्र होतं, चष्म्याची पेटी होती, पण शालन या घरात कुठेही नव्हती. ती केंद्रात होती, कामावर. असं मनात आलं की केतकीला दिवसभर जेवण जायचं नाही. मग प्रकाशकाचा निरोप आला, पाचवीच्या भूगोलाची मुद्रितं आली, आणि तिने एक आख्खं प्रकरण संपेपर्यंत रुबिनाला थांबवून ठेवलं. रुबिना पंख्याखाली बसून पालेभाजी निवडत राहिली.

अठराव्या दिवशी सकाळी डॉ. प्रभुणे यांचा फोन आला. रुबिनाने तो केतकीच्या उशीवर ठेवला.

"तुमची अट पाळली," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "खाट आता हौसाक्कांना विचारते आणि थांबते. पहिले दोन दिवस ठीक गेलं. आज पहाटेपासून त्या दर वेळी थांब म्हणतायत. साडेपाच तास झाले. पाठ लाल झालीय. थांबणं मी इथून बंद करू शकते, पण ठसा तुमच्या आईंचा आहे, म्हणून आधी तुम्हाला विचारते. मी अजून किती वेळ वाट बघू?"

केतकीने पडद्यावरच्या नकाशावरून नजर काढली. "त्यांना फोन द्या."

फोनमध्ये खुडबुड झाली. मग तो घोगरा आवाज आला.

"पोरी, मला कळलं आता कुनाचा हात हाय त्यो. बाईंनी सांगितलं. गुनाची हुती तुजी आय."

"हौसाक्का, पाठ दुखत असेल तुमची."

"दुखंना का. लई दिसांनी कुनी माजं ऐकाय लागलंय. पन वळून बगू तरी काय मी? इकडं भिंत, तिकडं तुजी मोकळी खाट. त्या खाटंवर उद्या दुसरी येनार हाय म्हनं." पलीकडे कुणीतरी त्यांच्या ओठांना पाणी लावत असावं. "तुज्या घरात आनि एक खाट मावंल का गं?"

रुबिनाला ते ऐकू गेलं होतं. ती दारात उभी राहून खोलीकडे बघू लागली, शिलाईयंत्राकडे, खिडकीकडे, दोन पावलांच्या मोकळ्या जागेकडे. समितीचे सहा महिने केतकीच्या एकटीच्या नावाचे होते, दोन मदतनीसही तिच्याच, आणि त्यांतली एक आजही आली नव्हती.

"हौसाक्का, आधी वळून घ्या," केतकी म्हणाली. "मग बोलू आपण."

"न्हाई," हौसाक्का म्हणाल्या. "आदी सांग. मावंल का?"