पहिली हाळी

माझ्या मुलाला, सुश्रुतला, गाडीत बसवून परत यायचं, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी त्याला न्हावा शेव्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं. म्हसळ्याच्या वाटेवर घाटात दरड आलेली, त्यामुळे आमची एसटी अलीकडेच थांबायची आणि पनवेलची गाडी पलीकडून सुटायची. मधला पट्टा पायी.

चार दिवस झोडपून पावसाने उघडीप दिली होती. ऊन बघून मी म्हटलं, चला, आता कसली भीती? पण दरड उन्हातही येते. आत मुरलेलं पाणी आपलं काम करतच असतं. म्हणून गावाने नियम घातला होता. दरडीखालून एका वेळी एकच माणूस जाणार. बाकीच्यांनी उतारावर नजर ठेवायची. पार गेलेल्याने ‘पोचलो’ अशी हाळी द्यायची, मगच पुढच्याने पाऊल टाकायचं. नियम चांगलाच, पण गाडी सुटायची वेळ झाली की माझं डोकं फिरतं.

सुश्रुत पुढे निघाला. त्याची बॅग माझ्या खांद्यावर होती. वळणावर धुकं अडकून बसलं होतं, त्यात तो दिसेनासा झाला. झाड मुळासकट उपटल्यावर येतो तसा मातीचा वास येत होता. वर कुठेतरी पाणी झिरपत होतं.

“पोचलो!”

सुश्रुतचाच आवाज. मी पाय उचलला, तोच मागून कुणीतरी शर्ट धरला. वरच्या वाडीतली राही होती, अंगणवाडीत शिकवते ती.

“थांबा, गुरुजी...” ती हळूच म्हणाली. “ही पयली हाळी हाय.”

“अगं, पोरगा बोलावतोय!”

“न्हाय... त्यो न्हाय.”

मी हिसडा दिला. तिने सोडलं नाही. वर एक खडा सुटला, मग माती, आणि मी निघालो असतो तर जिथे असतो, नेमका तिथे एक धोंडा येऊन आदळला. मी वाचलो, पण सुश्रुत?

मी धुक्याकडे डोळे लावून उभा राहिलो.

“पोचलो, बाबा! या!” आवाजाला धाप लागलेली.

राहीने शर्ट सोडला. “गेल्या साली आमचे हे असेच पुढं गेले... ह्यांचा भाऊ मागं व्हता. गाडी चुकू नये म्हणून हे अर्ध्यातूनच वरडले, पोचलो म्हणून. भाऊ निघाला. दोघंबी तिथंच...” उताराकडे न बघता ती म्हणाली, “लई घाई व्हती त्यांना. अजून हाय.”

मी पलीकडे गेलो. बॅग देताना विचारलं, “किती वेळा ओरडलास रे?”

“एकदाच. का?”

त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कित्येक वर्षांत फिरवला नव्हता. पोचलास की फोन कर, असं सांगून तसाच घरी आलो.

पद्माने, त्याच्या आईने, चहा ठेवला होता. तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, पोचलो.”

आणि बंद.

हायसं वाटलं. मग बाहेर लक्ष गेलं. अंगणात ऊन अजून तसंच होतं. गाडीने आत्ता कुठे माणगाव गाठलं असेल, न्हावा शेवा अजून कितीतरी लांब. मी परत परत नंबर लावला. लागेना.

“पोचला का हो?” पद्माने आतून विचारलं.

मी फोन घट्ट धरून बसलो होतो.

“एकदा म्हणालाय,” मी म्हणालो.