दुचाकीवरून नेलेलं घर

शिडी घसरली तेव्हा आमरीन पत्र्यावर होती, आणि अख्तरी फुप्पी खाली अंगणात खाटेवर गाढ झोपलेली.

"फुप्पी!... अगं ए फुप्पी!"

फुप्पीला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही, आणि ती नेमकी उजव्या कुशीवर झोपली होती. एप्रिलचं ऊन. पत्रा असा तापलेला, की आमरीन एकदा या पायावर उभी राहायची, एकदा त्या. हातात पाना, समोर अर्धवट सुटलेलं सोलर पॅनेल. फुलंब्रीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून बरंच आत असलेला हा माळ. हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. उडी मारावी का, असा तिनं अंदाज घेतला आणि घाबरून मागं सरकली.

तेवढ्यात दुचाकीचा आवाज आला.

दुचाकीवरून एक उंच, धुळीनं माखलेला तरुण उतरला. त्यानं झोपलेल्या फुप्पीकडं बघितलं, पडलेल्या शिडीकडं बघितलं, मग मान वर केली.

"पाणी मिळंल का?"

"आधी शिडी लावा. मग पाणी."

"लावतो की." तो जागचा हलला नाही. "पण एक विचारू? रस्त्यावरनं चमकताना दिसलं म्हणून आलो. ते पॅनेल विकायचंय का?"

"भाऊ, पाय भाजतायत माझे!"

"भाऊ तेवढं नका म्हणू," तो घाईघाईनं शिडी उचलत म्हणाला. "याह्या नाव आहे माझं."

आमरीन खाली उतरली. अंगणातल्या माठातलं पाणी तिनं त्याला दिलं. ते पिताना तो तांब्याच्या कडेवरून तिच्याकडं बघत होता... आणि ती बघतेय असं दिसल्यावर त्याला जोरात ठसका लागला. त्या ठसक्यानं फुप्पी जागी झाली.

याह्या पिशोरचा. वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होता. तो कारखाना बंद पडला, तेव्हा चुलत्यानं पडीक ठेवलेला डोंगराकडेचा खडकाळ तुकडा त्यानं मागून घेतला. तिथं तो घर बांधत होता. स्वतःच्या मातीच्या विटा, स्वतःची वीज, स्वतःचं पाणी. सगळं जुन्या सामानातून, जमेल तसं.

आमरीन हसली. कडवट हसली, पण कितीतरी महिन्यांनी हसली.

"करू नका," ती म्हणाली. "शहरात खोली घ्या. बटण दाबलं की दिवा लागतो, नळ सोडला की पाणी येतं."

"मग तुम्ही का राहिला इथं?"

"राहिले. आता नाही राहत. म्हणून तर विकतेय."

हे घर तिनं आणि तिच्या अब्बूंनी मिळून उभं केलं होतं. अब्बू, म्हणजे मजीद गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि म्हणाले, आमरीन, आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात राहिलो, आता आपल्या हातचं घर. शहागंजातल्या पाडलेल्या घरांची दारं त्यांनी आणली. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळातून टाकीत उतरवलं, अंघोळीचं पाणी पपईला सोडलं. पहिला दिवा लागला तेव्हा अब्बूंनी पोरासारख्या टाळ्या वाजवल्या होत्या. आता अब्बू नव्हते. ती शहरात रोशन गेटजवळ फुप्पीकडं, अब्बूंच्या बहिणीकडं, राहत होती, एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करत होती, आणि सुट्टीच्या दिवशी फुप्पीला सोबत घेऊन इथलं सामान विकायला येत होती.

याह्यानं पॅनेल पाठीवर बांधून नेलं. पुढच्या रविवारी तो दुसऱ्या पॅनेलसाठी आला. त्याच्या पुढच्या रविवारी पन्हाळासाठी. मग एका खिडकीसाठी.

"टेम्पो केला तर एका खेपेत जाईल सगळं," आमरीन म्हणाली.

"टेम्पोवाला सवडीत नाय."

"महिनाभर?"

"लई कामात असतो बिचारा," याह्या गंभीरपणे म्हणाला.

फुप्पीनं सुपारी कातरता कातरता मान हलवली. "हा माणूस विहीरसुद्धा दुचाकीवर बांधून नेईल, बघ तू."

वस्तू सोडवायला वेळ लागायचा, आणि तो आणखी लावायचा. भिंतीला भेगा पडू नयेत म्हणून मातीत काय घातलं? टाकीत शेवाळ का धरतं? घरात दखनी आणि शाळेत मराठी बोलत वाढलेली ती दोघं. बोलताना एकीतून दुसरीत कधी जायची, त्यांना कळायचं नाही. आमरीन त्याला काय काय फसलं तेवढंच सांगायची. मोरांनी मिरची खाल्ली. पहिल्या पावसाळ्यात मागची भिंत फुगली. रानडुकरांनी रताळ्याचा वाफा एका रात्रीत उकरला.

"एवढं करू नका म्हणता," तो स्क्रू तोंडात धरून म्हणाला, "आणि शिकवताही एवढं."

"शिकवत नाहीये. भीती घालतेय."

"मग जरा नीट घाला, मॅडम. मला तर अजून मजाच वाटतेय."

ती मान वळवून हसली. हसू लपलं, पण कानाची पाळी लाल झालेली त्यानं बघितली. शहरात परतल्यावर आठवडाभर ती रविवारची वाट बघू लागली, आणि आपण अशी वाट बघतोय याचा तिला रागही येऊ लागला.

मग शेवटी बॅटरी राहिली.

याह्यानं बॅटरीला हात लावला, तशी आमरीन म्हणाली, "ती नका नेऊ."

"का? खराब आहे?"

"नाही... चांगली आहे." ती उंबऱ्यावर बसली. मग सगळं एकदमच बोलली.

गेल्या श्रावणात झड लागली होती. सूर्य दिसेना. बॅटरी उतरली, दिवे गेले, दोघांचे फोन बंद पडले. अब्बू म्हणाले, बरंय, जरा शांतता. आणि त्याच दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. फोन लावायला फोन नव्हता. ती पावसात रस्त्याकडं धावली. मधला ओढा कमरेला लागत होता. दूधवाल्याची गाडी थांबवली, ती चिखलात रुतली. आमरीन दूधवाल्याला घेऊन पायी परत आली, तेव्हा...

"अब्बू दाराकडं तोंड करून पडले होते," ती म्हणाली. "माझी वाट बघत."

अंगणात फुप्पीचा अडकित्ता थांबला होता. बॅटरी तिथंच ठेवून याह्या गेला. आमरीनला वाटलं, संपलं. बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात निघाली असताना फोन वाजला.

"याह्या बोलतोय. काय काम नाय... मी आहे, ठीक आहे, एवढंच सांगायचं होतं." तो अडखळला. "रोज सांगत जाईन. चालंल?"

तिनं फोन ठेवला नाही, कानाला तसाच धरून चालत राहिली. त्या रविवारी तिनं स्वतः त्याच्या दुचाकीवर बॅटरी बांधून दिली.

मे गेला, जून गेला. रोज सकाळी फोन. कधी अर्ध्या मिनिटाचा, कधी दवाखान्याचं दार येईपर्यंत. आज घेवड्याला फूल आलं. आज टाकी भरली, येता का पोहायला? आज तुमच्या खिडकीतून पिशोरच्या मशिदीचा मिनार दिसला, मॅडम... पण खिडकी आता माझी आहे, आलात तर बघू देईन. आमरीन पांढऱ्या दुपट्ट्यात तोंड लपवून हसायची. फुप्पी बघूनही न बघितल्यासारखं करायची. एकदा मात्र म्हणाली, "मुलगा चांगला आहे. पण तू पुन्हा माळावर राहशील का? तेवढं आधी मनाला विचार."

आमरीननं विचारलं नाही. उत्तर काय येईल, याची तिला भीती होती.

श्रावण आला, आणि पुन्हा झड लागली.

एका सकाळी फोन आला नाही. तिनं लावला, बंद. दुसऱ्या सकाळीही बंद. दवाखान्यात ती एका पेशंटच्या कागदावर दुसऱ्याचंच नाव लिहून बसली. मग पर्स उचलली, आणि तशीच पिशोरच्या एसटीत चढली. सगळ्या वाटेत तिला एकच दिसत होतं. दार, आणि दाराकडं तोंड करून पडलेलं कुणीतरी. पिशोरला उतरून ती चिखलातून डोंगराकडं निघाली. चप्पल रुतली, तशी ती सोडून अनवाणी चालू लागली.

याह्या दारात बसून शेंगा सोलत होता.

"आमरीन?" तो उभा राहिला. मॅडम म्हणायचं विसरला. "अगं, तू... अशी भिजलेली..."

"फोन?"

"ढग होते ना. बॅटरी उतरली. म्हटलं, उघडीप पडली की..."

ती पुढं झाली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. मारता मारता तिथंच खाली बसली, आणि अब्बू गेल्यावरही रडली नव्हती इतकी रडली.

"तू मेलास असं समजून आलेय मी! सगळ्या रस्त्यानं... तू मेलेला होतास!"

तो तिच्यासमोर चिखलात गुडघ्यांवर बसला. "चुकलं माझं. खाली गावात जाऊन करायला पाहिजे होता फोन. आमरीन... माझ्याशी निकाह कर. मग फोनच नको. मी इथंच असंन, तुझ्यासमोर."

तिनं ओल्या डोळ्यांनी आजूबाजूला बघितलं. घर सुंदर होतं. तिची दारं, तिची खिडकी, वर चढलेला घेवडा, काठोकाठ भरलेली टाकी. चुलीवर चहा उकळत होता. तिला तो हवा होता. हे सगळंही हवं होतं. आणि पत्र्यावर पावसाचा आवाज चालू होता, आणि त्या आवाजानं तिची नजर पुन्हा पुन्हा दाराकडं जात होती.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "शिडी लावलीस तेव्हापासून. पण मी इथं नाही राहू शकत, याह्या."

"खांब टाकून घेतो. लाईट आणतो वरपर्यंत."

"लाईट आली तरी पाऊस यायचाच. तू पिशोरला जाशील, उशीर होईल... मी रोज इथं बसून तुला मारत राहीन. दोष तुझ्या घराचा नाही. माझ्यातच काहीतरी मोडलंय."

"मग मी सोडतो. उद्याच विकतो सगळं. शहरात खोली घेऊ."

तो हे खरं बोलत होता. पण बोलताना त्याचा हात नकळत मागं गेला आणि भिंतीवर टेकला. स्वतः थापलेल्या, अजून ओल धरलेल्या भिंतीवर. अब्बूही असेच भिंतीला हात लावून उभे राहायचे. त्या हाताकडं बघितल्यावर तिला हो म्हणता येईना.

"नको," ती म्हणाली. "मी माझं विकलंय. ते काय असतं, मला माहितीय."

तिनं चहा घेतला. त्यानं आपल्या चपला तिला घालायला दिल्या, आणि तो अनवाणी तिला सडकेपर्यंत सोडायला आला. दोघं झाडाखाली एसटीची वाट बघत उभी राहिली. छत्री एकच होती. त्यानं ती पूर्णपणे तिच्यावर धरली होती.

"सकाळी फोन करू?" त्यानं हळूच विचारलं.

एसटी वळणावर दिसली.

"नको. एका दिवशी आला की मी लगेच दुसऱ्या दिवसाची वाट बघायला लागते." तिनं त्याचा हात एकदा घट्ट धरला आणि सोडला. "करू नकोस, याह्या. कधीच करू नकोस."

त्यानं मान हलवली. तोवर एसटी येऊन थांबली, दार उघडलं.

फुलंब्री यायच्या आत पाऊस थांबला. ढग फाटले आणि मक्याच्या ओल्या रानांवर लख्ख ऊन पडलं. डोंगराकडंही पडलं असेल. आता त्याची बॅटरी भरत असेल, फोन सुरू झाला असेल. आमरीन फोन हातात धरून, खिडकीला डोकं टेकून बसली. शहर येईपर्यंत तो वाजला नाही. वाजू नये असं तिनंच सांगितलं होतं, आणि याह्या तिचं ऐकणारा माणूस होता.