धारण्याच्या दिवसाचं पाणी

यमुनाबाई भारंबे यांनी नळापुढे पट्टी बांधलेलं मनगट धरलं. नळाने एक लिटर नऊशे मिलिलिटर पाणी दिलं आणि तो आपण होऊन बंद झाला. मग त्यांची सून कांचन आली. तिलाही तेवढंच मिळालं. मुलगा प्रमोद आला तेव्हा मात्र तांब्या भरला, कळशी अर्धी झाली, तरी धार चालूच. तीन लिटर चारशे.

“नळाचा जावईच आहे हा,” यमुनाबाई पूर्वी रोज म्हणायच्या आणि कांचन हसायची. मूतखड्यासाठी तिला तिसऱ्यांदा दवाखान्यात नेलं, एक मूत्रपिंड निकामी झाल्याचं कळलं, तेव्हापासून नळापुढे कुणी काही बोलत नव्हतं.

या पाण्याला देहपाणी म्हणत. ज्याच्या देहाला जितकं लागतं तितकंच पिण्याचं पाणी. खानदेशातल्या विहिरी आटून खारावल्यावर ही व्यवस्था आली होती. धुण्याभांड्याला खारं पाणी मिळे, पिण्याचं फक्त या नळाला. कुणाला किती द्यायचं हे पुढारी ठरवत नसत की कारकूनही नाही. ते संशोधन ठरवत असे.

यमुनाबाईंच्या निंबखेडमधल्या बायकांना एक लिटर नऊशे पुरतं, हे संशोधन डॉ. हेमांगी नेहेते यांचं होतं.

हेमांगीबाई विद्यापीठात शिकत होत्या तेव्हा त्यांच्या सरांनी त्यांना एक कपाट दाखवलं होतं. आत एक जाडजूड अहवाल होता. एका तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याने हाडं वाकतात, असं त्यात सिद्ध केलेलं. अहवाल सरकारकडे जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत त्या तालुक्यातली एक अख्खी पिढी वाकून चालायला लागली होती. “आपण खरं शोधून काढतो,” सर म्हणाले होते, “आणि कपाटात ठेवतो.”

म्हणून पुढे ‘सेतू’ उभा राहिला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद हेमांगीबाईंना झाला. सेतू ही एक गणकयंत्रणा होती. अभ्यासकाने निष्कर्ष पाठवायचा. यंत्रणा त्यातली आकडेमोड, नोंदी, पद्धत सगळं तपासणार. निष्कर्ष खरा उतरला की सातव्या दिवशी त्याचा नियम होणार. मध्ये टेबल नाही, फाईल नाही, कुणाची मर्जी नाही. कपाटच नाही.

देहपाण्यासाठी त्यांनी तीनशे चाळीस बायकांच्या आणि तितक्याच पुरुषांच्या मनगटांवर तहानपट्ट्या बसवल्या होत्या. अंगात किती पाणी जातं, घामातून किती बाहेर पडतं, ते या पट्ट्या क्षणाक्षणाला टिपत. महिना निवडला तो सगळ्यात कडक उन्हाचा. केळीच्या बागांत राबूनही बायका पुरुषांच्या निम्म्याहून थोड्याशाच जास्त पाण्यावर तग धरत होत्या. एकही चक्कर येऊन पडली नाही. तेव्हा त्यांच्या देहाची गरजच कमी, असा निष्कर्ष निघाला. सेतूने तो सात दिवसांत स्वीकारला.

या गोष्टीला पावणेतीन वर्षं झाली. यंदा अधिक चैत्र आला. पहिल्या दिवशी हेमांगीबाईंनी देवापुढे बसून धारणं-पारणं करण्याचा संकल्प केला. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असा महिनाभर. धारण्याच्या दिवशी दिवे लागेपर्यंत पाणीसुद्धा नाही. हातातली पळी ताम्हनात ठेवताना त्यांच्या मनात सहज आलं, मागचा अधिक कधी होता बरं? ज्येष्ठात. ऐन उन्हात.

त्या तशाच बसून राहिल्या. समईची वात काजळत गेली तरी त्यांनी ती पुढे सारली नाही.

मागचा अधिक ज्येष्ठ म्हणजे तहानपट्ट्यांचाच महिना. नोंदीच्या कागदावर एक प्रश्न होता: सध्या काही उपास, पथ्य आहे का? तीनशे चाळीस बायकांनी ‘नाही’ लिहिलं होतं. का लिहिलं असेल, हे हेमांगीबाईंना कुणी सांगायला नको होतं. अधिकातला नेम मुकाट्याने करायचा असतो. सांगितला की त्याचं फळ जातं, असं त्यांच्या आईनेही त्यांना शिकवलं होतं. आणि सगळ्या कागदांच्या शेवटी त्यांची स्वतःची सही होती: ‘सहभागी व्यक्तींच्या खाण्यापिण्यात नेहमीपेक्षा वेगळं काही नव्हतं.’ ती सही केली त्या दिवशी त्यांचं धारणं होतं. त्यांना ते वेगळं वाटलंच नव्हतं.

ही चूक कुणाला सापडण्यासारखी नव्हती. सेतूला आकडे कळत, बायकांचं मौन कळत नव्हतं. आपल्यालाही हे आठवलंच नसतं तर, असा विचार करत हेमांगीबाईंनी बावीस दिवस काढले. पूजा चुकली नाही. फक्त देवाकडे बघणं जमेना. तेविसाव्या दिवशी त्या निंबखेडला गेल्या.

“मोजमापवाल्या बाई आल्या बरं का!” यमुनाबाई ओट्यावरून म्हणाल्या. “आता काय मोजता? श्वास?”

“काकू, आत येऊ का?”

“या की. चहा विचारत नाही, राग मानू नका. पाणी तुमच्याच मापाचं आहे.”

आत कांचन भिंतीला टेकून बसली होती. दोन वर्षांची ओवी तिच्या पायांशी चमच्यांशी खेळत होती. हेमांगीबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. चूक माझी आहे. तुमचं माप चुकीचं आहे. कांचनचं दुखणं त्यातून आलंय.

यमुनाबाईंनी कांचनकडे एकदा पाहिलं. “मग खोडा की.”

“माझ्या नुसत्या म्हणण्याने खोडता येत नाही. सेतूला पुरावा लागतो. त्या महिन्यात धारणं-पारणं होतं, हे निम्म्याहून जास्त बायकांनी स्वतः नोंदवायला हवं. गावातल्या बाया तुमचं ऐकतात.”

“कोण म्हणतं मी नेम केला होता?”

“कुणी नाही, काकू.”

कांचन हळूच म्हणाली, “मी केला होता.”

“तू?” यमुनाबाई गर्रकन वळल्या. “त्या उन्हात? पोटात दाणा नाही, पाणी नाही, आणि बागेत घड उचलत होतीस? मला कळू दिलं नाहीस!”

“तुम्ही तरी कुठे कळू दिलंत? ताट घेऊन मागच्या दारी जायच्या आणि गायीला घालून यायच्या. मी बघत होते ना.”

यमुनाबाईंना हसू फुटलं आणि त्याच हसण्यात त्यांचे डोळे भरले. त्यांनी ओवीला जवळ ओढलं. “हिच्यासाठी केला होता, बाई. लग्नाला सात वर्षं झाली होती पोरीच्या. अधिक संपला आणि वर्षाच्या आत ही झाली. आता तुम्ही म्हणता, तोंडाने सांगून टाका. हिला काही झालं तर? ते कुणाच्या मापात बसवाल?”

दुसरी कुणी शास्त्रज्ञ असती तर तिने समजावलं असतं की असं काही होत नसतं. हेमांगीबाईंना ते म्हणता येईना, कारण त्या स्वतः तसं मानत नव्हत्या.

“तुमचा नेम कशासाठी होता?” यमुनाबाईंनी विचारलं. “केलाच असेल की तुम्ही.”

हेमांगीबाईंची मान खाली गेली. “हे संशोधन मान्य व्हावं म्हणून.”

ओवीने चमच्यावर चमचा आपटला.

“म्हणजे फळ मिळालं तुम्हाला,” यमुनाबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागला.

हेमांगीबाईंनी पिशवीतून आपली बाटली काढली. त्या दिवशीचं त्यांच्या वाट्याचं पाणी तिच्यात होतं; धारणं असल्यामुळे तसंच भरलेलं. त्यांनी उजव्या तळहातावर थोडं पाणी घेतलं, ओवीला पुढे बसवलं आणि म्हणाल्या, “आजवर जे काही नेम केले असतील, त्यांचं पुण्य मी या लेकराला दिलं.” आणि पाणी तिच्या इवल्या हातावर सोडलं. ओवीने ते लगेच चाटून टाकलं.

“अगं अगं,” म्हणत यमुनाबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, “उद्या देवळात सगळ्यांना बोलावते. कोण येतं ते बघू.”

दोनशे बारा जणी आल्या. एकेकीने सेतूच्या पडद्यापुढे उभं राहून आपला नेम सांगितला. काहींनी कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. एक म्हातारी एवढंच म्हणाली, “अधिकच काय, माझ्या सोमवारी आणि चतुर्थीलाही पाणी नसतं, लिहून घे.” मागच्या-पुढच्या सगळ्याच म्हणाल्या, आमचंही लिही. हेमांगीबाईंनी सगळ्यांत आधी आपला नेम नोंदवला होता; आता त्यांनीही हे दिवस त्यात जोडले. सगळं झाल्यावर खरं सांगितल्याचं हलकेपण त्यांना वाटलं, कितीतरी दिवसांनी.

सेतूने पुरावा मान्य केला. सातव्या दिवशी नियम बदलला. बायकांचं माप तीन लिटर दोनशे झालं. यमुनाबाईंनी फोनवर नळाची धार ऐकवली. “ऐका! सासरेबुवांसारखा खाकरून वाहतोय!”

नव्या नियमाला दुसरं कलमही होतं. ते हेमांगीबाईंनी वाचलं, पण त्यांना ते साधं वाटलं होतं: ‘सहभागी व्यक्तींनी स्वतः नोंदवलेल्या दिवशी पुरवठा त्यांच्या आचाराशी सुसंगत राहील.’

चार दिवसांनी चतुर्थी आली. सकाळीच फोन वाजला.

“बाई, नळ उघडेना. मनगटाच्या पट्टीवर लिहून आलंय, वाचते. ‘आज आपला नेमाचा दिवस आहे. पाणी दिवेलागणीनंतर.’”

“कांचनला?”

“तिनेही लिहून दिलं होतं ना. डॉक्टरने तिला उपास बंद केलाय, पण नळाला कुठे ठाऊक! प्रमोदच्या वाट्याचं दिलंय तिला.”

हेमांगीबाईंनी घाईघाईने सेतूला विचारलं. उत्तर लगेच आलं, नेहमीसारखं सौम्य. दोनशे बारा जणी वर्षातले सत्तरावर दिवस स्वेच्छेने पाण्याशिवाय राहतात, हे आता सिद्ध झालेलं सत्य होतं. त्या दिवसांचं वाचलेलं पाणी मूत्रपिंडाच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या केंद्राला दिलं जात होतं. तिथे अकरा बायका त्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांना जोडलेल्या होत्या. जुन्या मापामुळे आजारी पडलेल्या. नियम बदलायचा तर नवा पुरावा हवा: त्या बायका यापुढे नेम पाळणार नाहीत, असा.

त्यांनी हे सगळं यमुनाबाईंना सांगितलं. काही गाळलं नाही. पलीकडे ओवी रडत होती, कुणीतरी तिला थोपटत होतं.

“नेम सोडायचा नाही मी,” यमुनाबाई अखेर म्हणाल्या. “आज तसाही माझा उपासच आहे. पण एक विचारू, बाई? तुम्ही शिकलेल्या आहात, देवाचं करणाऱ्याही आहात. नळ उघडा असताना मी पाणी घेत नव्हते, ते त्याला पोचत होतं. आता नळच बंद आहे. आजचा उपास पोचेल का त्याला?”

हेमांगीबाईंच्या समोर त्यांचा स्वतःचा नळ होता. त्यांनी मनगट पुढे धरलं. पट्टीवर तीच ओळ उमटली. नेमाच्या नोंदीत पहिलं नाव त्यांचंच होतं.

फोनवर यमुनाबाई उत्तराची वाट बघत थांबल्या होत्या.