वरच्याने बोलायचं नाही

लाईट गेली तर जाऊ द्या. जाई, मेणबत्ती कोनाड्यात ठेव आणि इकडे सरकून बस. नचिकेत, तू मघाशी दात काढत विचारलंस ना, की भुतं नेमकी अमावस्येलाच कशी निघतात म्हणून? तर ऐक. मी सांगतो ती रात्र अमावस्येची नव्हतीच, आदल्या दिवसाची होती. शुक्रवार, तीस मे, दोन हजार तीन. उगाच मसाला लावायची मला सवय नाही. आणि जिच्या बाबतीत हे घडलं त्या पारुबाईला मी चांगला ओळखत होतो.

त्या दिवशी पारुबाई कळमनुरीच्या बाजारात दोर घ्यायला आली होती. दुकानदाराने नायलॉनचा दाखवला, तिने अंबाडीचा मागितला. नायलॉन ओल्या हातातून निसटतो. तिने तो अख्खा दोर हातावरून सरकवत वीत-वीत तपासला. दुकानदार वैतागून म्हणाला, "काय बाई, म्हैस बांधायची का हत्ती?" ती हसली नाही. दोर टोपलीत ठेवून जीपने तांड्यावर परतली.

हा दोर कशाला हवा होता, ते आधी सांगितलं पाहिजे.

त्या तांड्यावर हिरासिंग आणि पेमा असे दोघे भाऊ होते. पेमा धाकटा, पारुबाईचा नवरा. दोघांचा धंदा विहिरीत बुडी मारायचा. कुणाची घागर पडली, मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाईपच्या बुडाची झडप, गाळात अडकला, कधी कुणी जीव दिला, की सेनगावपर्यंतची माणसं यांना बोलवायला येत. एक जण पाण्यात जायचा, दुसरा काठावर दोर धरायचा. आता घड्याळ कुणाकडे होतं? त्यांची रीत अशी होती, की खालच्याने बुडी मारली की वरच्यानेही आपला श्वास कोंडून धरायचा. आपला जीव कासावीस झाला की समजायचं, खालच्याचाही झाला. मग दोर ओढायचा. म्हणून वरच्याने बोलायचं नाही. बोललं की श्वास सुटला, आणि श्वास सुटला की अंदाज गेला.

पाटलाच्या पडीक शेतात एक विहीर होती. बाहत्तरच्या दुष्काळात झऱ्याच्या मागे लागून लोकांनी तिच्या पोटात आडवी कपार खोदली होती, गुहेसारखी आत आत वळत गेलेली. पाऊस पडला आणि ती पाण्याखाली गेली. एक्क्याण्णव साली पंपाचा पाईप त्या कपारीत ओढला गेला. पेमा आत गेला. हिरासिंग वर दोर धरून बसला. तेवढ्यात बांधावरून मालकाने हाक मारली, "झालं का रे हिरासिंग?" आणि हिरासिंग बोलून गेला, "झालंच, मालक."

दोनच शब्द. सवयीने निघाले. पण तेवढ्यात त्याने नवा श्वास घेतला होता आणि तो त्याच्या लक्षातही आला नाही. दोर ओढला तेव्हा रिकामाच वर आला. त्यानंतर नाकातून रक्त येईपर्यंत त्याने बुड्या मारल्या. गाळ उठलेला, कपार वळणाची, पेमा काही हाती लागला नाही. विहीर लोकांनी टाकून दिली. हिरासिंगने त्या दिवसापासून पाण्यात पाय घातला नाही. अंघोळसुद्धा तांब्याने करायचा.

लोक पारुबाईला म्हणाले, पुतळा कर आणि अग्नी दे. ती म्हणाली, "मानूस पाण्यात हाय, पुतळा काहून जाळू?" तिने हातातला चुडाही फोडला नाही. दिपक तेव्हा वर्षाचा होता, रांगायचा. अशी बारा वर्षं गेली.

आणि दोन हजार तीनचा तो दुष्काळ आला. टँकरला पाणी मिळेना, म्हणून त्या विहिरीचा झरा मोकळा करायचं ठरलं. शनिवारी सकाळी सुरुंग लावून कपार उडवायची होती. पाणी उपसायचं इंजिन माझं होतं, म्हणून हे मला पक्कं ठाऊक. पाणी उतरलं की लगेच सुरुंग, हाडं शोधायला कुणी थांबणार नव्हतं. कपार उडाली की पेमाची हाडं दगडाखाली कायमची गाडली जाणार होती. पारुबाईच्या हातात एकच रात्र होती.

बाजारातून आली ती तडक हिरासिंगच्या दारात गेली. आता तो तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. त्यांच्यात धाकट्याच्या बायकोने जेठाशी तोंडाने बोलायचं नसतं. ती घुंगट ओढून त्याच्या बायकोला, जमनाबाईला म्हणाली, "सांगा त्यांना, उद्या सुरुंग हाय. त्यांच्या भावाला दगडाखाली ठिऊ नका म्हनावं."

हिरासिंग हातभर अंतरावर बसला होता. तोही जमनाबाईलाच म्हणाला, "तिला म्हनावं, मह्या हातून एकदा गेला तो. आता मले पाण्याचं भ्याव वाटते."

"त्यांना म्हनावं, दोर मी धरीन."

हिरासिंग उठून उभा राहिला. म्हणाला, "तिला म्हनावं, मंग चाल." हे सगळं गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत झालं, मी आपलं आपल्या बोलीत सांगतोय. तांड्यातल्या दुसऱ्या कुणी त्या विहिरीवर यायला नकार दिला. जमनाबाईला दमा, ती काय श्वास धरणार? दिपक आजोळी होता. निघाली ती दोघंच.

विहिरीवर पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. वारा पडलेला. दोन पुरुष खोल पाणी राहिलं होतं, काळं आणि गप्प. निरोप पोचवायला आता मध्ये कुणी नव्हतं. हिरासिंगने धोतर खोचलं, कमरेला दोर बांधला, एक रिकामी पिशवी अडकवली आणि विहिरीकडे तोंड करून बोलला, "काई बी झालं तरी बोलू नको, पोरी." पन्नाशीच्या घरातला माणूस, बारा वर्षांनी पाण्यात उतरत होता. तो बुडाला.

पारुबाईने श्वास कोंडला.

पहिल्या खेपेला तो लगेच वर आला. कपारीच्या तोंडाला हात लागला आणि धीर सुटला त्याचा. पायरीला धरून तो लेकरासारखा रडला.  तिने दोर हाताला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरला. ते त्याने पाहिलं. आणि पुन्हा बुडाला.

या खेपेला दोर सरकत राहिला. सरकत राहिला. मग आडवा ताणला गेला. तो कपारीत शिरला होता.

पाणी निवलं. एक तरंग नाही. बेडूक नाही, रातकिडा नाही. तिच्या कानात तिच्याच छातीचे ठोके पडत होते.

आणि तेव्हा…

"पारू."

खालून आवाज आला. पाण्यातून. हळू. शेतातून थकून आल्यावर दारातून मारायचा तशी हाक.

 दोर हलला नव्हता. पाणी हललं नव्हतं.

"पारू… आली का तू?"

जाई, तू घाबरू नको. ती घाबरली नव्हती. तिने मला स्वतः सांगितलं, भीती नाही वाटली हो भाऊ, जीव तुटला. बारा वर्षं जो आवाज ऐकायला ती रोज कान देऊन निजली, तो आवाज. ओठांपर्यंत ओ आली. तिने दातांनी ओठ दाबला. रक्त आलं. तिच्या 'ओ'वर हिरासिंगचा जीव टांगला होता.

"बोलत काहून न्हाई गं?"

ती गप्प.

"जेवलीस?"

गप्प… छाती फुटायला आली.

मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, अगदी बारीक, जवळून…

"लेकरू चालाया लागलं का?"

डोळ्यांतून धारा लागल्या. तोंड मिटलेलं. एकच शब्द द्यायचा होता. व्हय. बस, एवढाच. तिने तो दिला नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तिने पाय रोवले आणि सगळा जीव लावून दोर ओढला. एक हात. दुसरा. जड. आणखी एक…

हिरासिंग वर आला. खोकत होता, जिवंत होता. कमरेची पिशवी भरलेली होती.

तो पायरीवर पडला आणि पारुबाईने श्वास सोडला. घुंगट मागे पडला होता, जेठ समोर होता, तिला कशाचीच शुद्ध नव्हती. काठावर पालथी पडून ती विहिरीत ओरडली, "चालते वो! तुमचं लेकरू चालते! पळते! सायकल चालवते! ऐकलं का तुमी? ओ द्या ना… मले बोलता येत नव्हतं वो, मी काय करू…"

विहिरीतून तिचाच आवाज परत आला. दुसरा नाही.

"कोनाशी बोलून राहिली?" हिरासिंगने विचारलं.

"तुमी आत काई ऐकलं?"

"न्हाई. नुसता अंधार हाय आत." आणि मग पिशवीवर हात ठेवून तो म्हणाला, "सगळा हाय. काई ठिवलं न्हाई मी आत."

पहाटे नाल्याच्या काठी त्यांनी पेमाला अग्नी दिला. पारुबाईने आपल्या हाताने चुडा फोडला. इतकी वर्षं ती लोकांशी भांडली ती याच घडीसाठी, पण ती मला म्हणाली, "भाऊ, मला कसलंच समाधान वाटलं नाही. तो विचारत राहिला आणि मी तोंड उघडलं नाही, एवढंच आठवत राहिलं."

सकाळी आम्ही इंजिन चालू केलं. पाणी उतरलं तशी कपारीची कड दिसली. सुरुंगवाला मुकादम, रामसिंग, बॅटरी घेऊन खाली उतरला आणि कपारीपाशीच थांबला. मी वरून विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "उद्धवभाऊ, हे तोंड बंद हाय."

मी उतरून पाहिलं. कपारीचं तोंड वरपासून खालपर्यंत दगडं रचून बंद केलेलं होतं. दगडांवर शेवाळ नव्हतं, गाळही नव्हता. मोठ्या दगडांच्या फटींत बारीक चिपा ठोकून बसवल्या होत्या, आणि त्या ठोकल्या होत्या आतल्या बाजूने. रात्री याच तोंडातून हिरासिंग बाहेर आला होता.

पारुबाई पायऱ्या उतरून आली. दगडांवर तळहात ठेवून उभी राहिली. मग मला विचारलं, "भाऊ, मानूस दार लावून घेते ते रुसला म्हनून, का निजायचं हाय म्हनून?"

 तिच्यामागून आलेल्या हिरासिंगने तोंड फिरवलं.

रामसिंगने त्या बाजूला सुरुंग लावायला साफ नकार दिला. झरा आम्हाला समोरच्या अंगाला लागला. ती भिंत अजून तशीच आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दिसते.