मान फिरवणारा लॅपटॉप

"तुमाला हसता येतं का हो, की तेपण इन्स्टॉल करायला लागतं?"

विचारलं! रुपानं खरंच विचारलं! शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या त्या चिंचोळ्या कॉम्प्युटरच्या दुकानात, भर दुपारी, टेबलावर कोपर टेकून. पैज मैत्रिणींची होती. स्नेहल आणि चिमी समोरच्या बंद रसवंतीआड उभ्या होत्या आणि एकमेकींच्या तोंडावर हात दाबून बघत होत्या. दोन वर्षांपूर्वीची रुपा असती तर दुकानाच्या पायरीवरूनच पळाली असती. पण आता ती एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात भाषणाचं बक्षीस घेऊन आली होती आणि घाबरणं तिनं जवळपास सोडलंच होतं.

टेबलामागच्या मुलानं डोळे वर केले. जगन त्याचं नाव. डोळखांबकडच्या पाड्यावरून रोज एसटीनं येणारा, सगळ्या कॉलेजात 'न हसणारा' म्हणून ठाऊक असलेला. डोळे मात्र... डोळे असे होते की रुपाला पुढचं वाक्य आठवेना.

"येतं," तो म्हणाला. "पण गॅरंटी नाय. काय आणलंय?"

आणलं होतं की! पैज झाली होती, पण पिशवीत खरोखरच एक दुखणं होतं. मुंबईला ऑफिसात शिपाई असलेल्या महादूमामानं ते आणून दिलेलं. ऑफिसानं काढून टाकलेला, पाच वर्षांचा जुना लॅपटॉप. पण साधासुधा नव्हे बरं का! त्याची स्क्रीन मान वळवल्यासारखी फिरायची, मग पाठीवर पालथी निजायची, की झाली पाटी! आणि त्या पाटीवर पेनानं लिहायचं. रुपाच्या गावाकडच्या अख्ख्या किन्हवली पट्ट्यात असं यंत्र कुणाकडे नव्हतं. रुपा तर त्याच्या प्रेमातच पडली होती. चार दिवस त्याला उशाशी घेऊन झोपली. पाचव्या दिवशी स्क्रीन थरथरायला लागली आणि विझली.

जगननं लॅपटॉप दोन्ही हातांनी घेतला, तान्ह्या मुलाला घेतात तसा. मानेवर अंगठा फिरवला. "कुणी फिरवली?"

"मीच."

"कशी?"

रुपानं हवेत बोटानं गर्रकन अख्खं वर्तुळ काढलं. "अशी. सगळ्यांना दाखवायला. मधी जरा कट्ट झालं, मग मी जोर केला..."

जगन तिच्या बोटाकडे बघत राहिला. "मारुतीची प्रदक्षिणा घातली तुमी," तो हळूच म्हणाला. "ह्याला शंकराची लागते. उजवीकडून अर्धी जायची आणि त्याच वाटेनं माघारी यायचं. पिंडीची पन्हळ ओलांडायची नाय."

आणि तो हसला.

अगं बाई! डाव्या गालावर खळी होती. एवढी मोठी खळी हा माणूस सगळ्या कॉलेजपासून लपवून फिरत होता! रसवंतीआडून चिमीची किंकाळी ऐकू आली. रुपानं मात्र मागे वळून पाहिलंच नाही.

"मानेतून एक पातळ पट्टी जाते, वायरींची," जगन सांगत होता. "ती ओढली गेली असंल. उघडायला लागंल. येळ जाईल."

"किती?"

"रोज थोडं थोडं करू." मग नजर टेबलावर ठेवत, "तुमी थांबणार असाल तर... स्क्रू मांडायला कुणीतरी लागतं."

ती रोज कॉलेज सुटलं की थांबायला लागली.

जगनसारखी कामाची रीत रुपानं आयुष्यात पाहिली नव्हती. त्यानं कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि प्रत्येक स्क्रू निघाला की चित्रात त्याच जागी ठेवायला सांगितलं. तेवीस स्क्रू. वर पंखा चालू, म्हणून रुपा कागदावर दोन्ही हातांची भिंत करून बसायची. तो काहीच उपटायचा नाही, ओढायचा नाही. प्रत्येक भाग आधी विचारल्यासारखा हलवून बघायचा. आतल्या पंख्यातून कापसासारखी धूळ निघाली तेव्हा त्यानं रंगाचा जुना ब्रश तिच्या हातात दिला. "तुमी करा. घाई करू नका." दुसऱ्या दिवशी मानेतली पट्टी तिच्या खाचेत बसेना. जगनची बोटं जाड, खाच नखाएवढी. रुपानं श्वास रोखला, करंगळी आत घातली आणि... टिक्!

स्क्रीन उजळली.

जगन स्क्रीनकडे बघायचं सोडून तिच्या बोटांकडेच बघत होता. "तीन वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "पयल्या झटक्यात मला नाय जमलं कधी." मग मालकाकडे वळून मोठ्यानं, "धर्माभाऊ, बघितलंत काय?"

मालक धर्माभाऊ पेपर खाली न करताच म्हणाले, "बघितलं. दुसरं टेबल कधीपासून रिकामं हाय. कुणी धीराचं मिळतच नाय."

असं काही आपल्याला येऊ शकतं, हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं!

मग पेनाची पाळी. ह्या पडद्याला बोट चालायचं नाही, त्याचं स्वतःचं पेनच लागायचं. आणि ते पेन टेकवावं इथं, तर ठिपका उठायचा बोटभर बाजूला. जगननं ड्रायव्हर शोधून टाकला. (घरी हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "ड्रायव्हर कशाला गो? गाडी हाय का ती?") चार कोपऱ्यांत फुल्या उगवल्या, रुपानं एकेक फुली नेमकी टिपली आणि ठिपका पेनाखाली आला.

"आता कायतरी लिवा."

तिनं लिहिलं, 'जगन'. सहज. अगदीच सहज! पण यंत्राला अक्षरं फक्त इंग्रजी कळायची. त्यानं थोडा विचार केला आणि छापलं: ST. पुढे नुसताच कचरा.

"तुमाला एसटी म्हणतोय तो!"

"म्हणू दे. एसटीनंच येतो मी."

"टायमावर येते का, डोळखांबची?"

"टायमावर नाय," जगन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण येते. चुकत नाय कधी."

असं बोलतात का कुणी? रुपा त्या रात्री भात वाढताना ताटाबाहेर वाढत होती.

पण शुक्रवार आलाच. डी.एड.चा फॉर्म द्यायचा दिवस शनिवार. गेल्या वर्षी नंबर हुकला होता, यंदा बाबांनी दाखले, फोटो, सगळं पिशवीत तयार ठेवलेलं. डी.एड. करायचं, मग जिल्हा परिषदेची शाळा, मग सुखच सुख. बाबांच्या ह्या स्वप्नाला तिनं आजवर नाही म्हटलं नव्हतं. त्याऐवजी दुसरं काय हवंय, हेच ठाऊक नव्हतं ना!

"नंबर लागला तर मी पनवेलला राहायला जाणार," तिनं टेबलाशी उभ्याउभ्या सांगितलं.

जगनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "चांगलं हाय," तो म्हणाला. "पक्की नोकरी. भरा फॉर्म."

"भरू?"

"माझ्यामुळं कायपण... म्हणजे दुकानामुळं... थांबू नका." त्यानं लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पिशवी तिच्यापुढे सरकवली. मग पिशवीवरचा हात काढलाच नाही. "एक सांगायचं होतं. रागवू नका. हा... मंगळवारीच दुरुस्त झालेला."

"काय?"

"मंगळवारीच. पेन जमलं तेवाच. मग बुधवारी मी सांगितलं ना, पट्टीवर नजर ठेवायला लागंल... तसं काय नसतं. पट्टी पळून जात नाय." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "दुरुस्त झाला म्हटलं असतं, तर तुमी आल्या नसत्या."

रुपानं चेहरा कमालीचा गंभीर केला. "फसवलंत मला."

"हां."

"तीन दिवस."

"हां..."

"आणि मला बुधवारीच कळलेलं, ते कळलं नाय तुमाला!" तिला आता हसू आवरेना. "स्क्रूचा कागद तुमी गुंडाळून टोपलीत टाकलात. काम बाकी असतं तर टाकला असता का? मी गप बसले. मला पण यायचं होतं ना!"

जगननं तिच्याकडे पाहिलं. खळी उमटली, मिटली, पुन्हा उमटली. धर्माभाऊंनी पेपर अजून वर धरला.

"मग फॉर्म?" त्यानं विचारलं.

"तो माझा मी बघते. थांबले तर तुमच्यासाठी नाय हो, उगाच फुगू नका. त्या टिक् आवाजासाठी." दोन पावलं जाऊन ती परत फिरली. "...आणि थोडं तुमच्यासाठी."

घरी पोचली तेव्हा आई ओटीवर वालाचं बिरडं सोलत होती. बाबा भाताच्या आवणीवरून नुकतेच आलेले, पोटऱ्यांवरचा चिखल धूत होते. फॉर्मची पिशवी खुंटीला.

"उद्या सकाळची गाडी धर गो," बाबा म्हणाले. "फास्ट लोकल. फॉर्मला लाईन मोठी असते."

"बाबा, मी फॉर्म देणार नाय."

तांब्या हवेतच राहिला. आईच्या हातातला वाल सालीसकट ताटात पडला.

रुपाचा आवाज अगदी बक्षीस मिळवलेल्या भाषणासारखा स्वच्छ निघाला. "सकाळी कॉलेज करणार, आणि सोमवारपासून दुपारी धर्माभाऊंच्या दुकानात दुसऱ्या टेबलावर बसणार. मशिनी उघडायला शिकणार. माझा हात चांगला हाय बाबा, मी बघितलाय."

"आणि हे खूळ डोक्यात घातलं कोणी?" आईनं विचारलं.

"घातलं नाय कोणी. माझंच हाय." तिनं एक मोठा श्वास घेतला. "पण ज्यानं माझा हात आधी ओळखला, त्याला मी रविवारी घरी बोलावणार. जगन नाव हाय, डोळखांबचा. लग्नाची घाई नाय, आधी मी शिकणार. पण पुढं केलं तर त्याच्याशीच, हे आत्ताच सांगून ठेवते."