सफरचंदं, गाजरं आणि मधली भिंत

"अहो! देठाला धरून उचलतात का भोपळा?"

तो दचकला. भोपळा धप्पकन खाली आणि देठ हातात! बिचारा रस्ता विचारायला फाटकातून आत आला होता. उन्हात मांडलेल्या भोपळ्यांतला एक घरंगळला, म्हणून पटकन धरायला गेला, तर ही बया अंगावरच आली.

"भोपळाच तर आहे," तो म्हणाला.

"देठ मोडला की भोपळा सडतो. मग थंडीत काय तुमचं डोकं खायचं?"

"खा की... पण मी सुतार आहे. नुसता भुसा निघेल."

तिनं हसू कसंबसं गिळलं. सुतार! दोन महिने ती सुतारच शोधत होती. आसपासचे सगळे तिच्या बाबांना टरकून होते.

त्याचं असं होतं, की तळघरात एका बाजूला सफरचंदाच्या पेट्या आणि दुसऱ्या बाजूला ओल्या वाळूत पुरलेली गाजरं, ही आजोबांपासूनची रीत. पिकत्या सफरचंदांच्या शेजारी गाजरं कडू होतात, हे ती घसा कोरडा करून सांगत होती. गेल्या थंडीत गाजरं कडूजहर निघाली आणि खापर फुटलं तिच्याच डोक्यावर. म्हणे, हिनं वाळू नीट भिजवली नाही! यंदाही तसंच झालं, तर तळघर दादाच्या ताब्यात जाणार होतं. आणि तळघरात तर तिचा सगळा जीव.

"मधोमध फळ्यांची भिंत घाला. छतापर्यंत. फट राहता कामा नये," ती म्हणाली. "बाबा आजच पंधरा दिवसांसाठी आत्याकडे गेलेत."

"म्हणजे चोरून?"

"स्वतःच्या घरात कसली आलीय चोरी?"

काम होतं चार दिवसांचं, पण दोघांनाही ते संपवायची घाई नव्हती. तो रंधा मारायचा, ती सफरचंदं पुसून एकेक कागदात गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी 'फळी धरा जरा' होतं, तिसऱ्या दिवशी 'धर गं' झालं. एकदा तिच्या केसांत भुसा अडकला. त्यानं हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"राहू दे. छान दिसतोय."

"भुसा?"

"हो... भुसाच."

अकराव्या दिवशी बाबा चार दिवस आधीच परतले. तळघरात उतरून त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. ती कडू गाजरं त्यांनीही खाल्ली होती.

"भिंत राहू दे," ते म्हणाले. "पण हा सुतार संध्याकाळच्या आत फाटकाबाहेर. एवढ्याशा कामाला अकरा दिवस लागतात होय? मला काय डोळे नाहीत?"

सुतार गुपचूप अवजारं पिशवीत भरू लागला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती बाबांपेक्षा त्याच्यावरच जास्त.

"ठेव ती पिशवी खाली! बाबा, भिंत राहील आणि हाही राहील."

"तू मला सांगतेस?"

"हो, सांगतेय! गाजरांपायी नसता आळ आला, तो वर्षभर गप्प बसून सोसला. याच्यापायी नाही गप्प बसणार. मला हा आवडतो. आवडतो म्हणजे... प्रेम आहे माझं याच्यावर. झालं!"

सुताराचे कान लालबुंद झाले. "मला कुणी विचारलं का पण?" तो पुटपुटला.

ती गर्रकन त्याच्याकडे वळली. "का? नाही राहायचं तुला?"

"राहायचंय. जन्मभर राहायचंय... पण हे मी विचारणार होतो. अकरा दिवस नुसते शब्द जुळवतोय."

"मग विचार."

"आत्ता? यांच्यासमोर?"

"यांच्यासमोरच."

बाबा शेवटच्या पायरीवर उभे होते. त्यानं पिशवी खाली ठेवली, हात सदऱ्याला पुसले, घसा खाकरला.

"माझ्याशी... लग्न करशील?"

"करेन," ती म्हणाली. उत्तर त्याला दिलं, पण बघत होती ती थेट बाबांच्या डोळ्यांत. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, बाबांनी आधी नजर खाली वळवली.